वळवाच्या आधीची तयारी: मुलांना गडगडाटाचं शास्त्र कोणत्या क्रमाने शिकवावं

दर उन्हाळ्यात भावाची नि बहिणीची मिळून सात पोरं माझ्याकडे सुट्टीला येतात. पहिला वळीव आला की मी विचारते, हा आवाज कसला? चार-पाच जण तरी ठोकून सांगतात, "ढगावर ढग आपटतात." हे त्यांना घरातल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि सांगणारी माणसं चांगली शिकलेली असतात. ढग म्हणजे पाण्याचे आणि बर्फाचे बारीक कण. धुक्यावर धुकं आपटून कधी आवाज झालाय का, एवढं विचारलं तरी ते उत्तर कोसळतं. पण नुसतं पाडून भागत नाही, त्याच्या जागी दुसरं उभं करावं लागतं. आपण घसरतो ते तिथेच. आपण एकदम विजेपासून सांगायला लागतो. वीज या गोष्टीत फार उशिरा येते. गोष्ट सुरू होते तापलेल्या अंगणापासून.

हा क्रम सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. रोज अर्धा-पाऊण तास धरला तर पाच-सहा दिवसांत होतो. प्रयोग मागेपुढे झाले तर एक वेळ चालेल, पण सहावा टप्पा सातव्याच्या आधी झालाच पाहिजे. तो मागे ठेवण्याची चूक मी स्वतः केली आहे, ती पुढे सांगते.

## तयारी: साहित्य आणि वेळ

दुकानात जावं लागेल असं यात जवळजवळ काही नाही. वहीचा जाड कागद, दोरा, तवा. एक लिटरची मऊ प्लास्टिकची बाटली, कोमट पाणी, काडेपेटी. थर्माकोलचा हातभर तुकडा, घोंगडीचा किंवा लोकरी मफलरचा तुकडा, स्टीलची ताटली, प्लास्टिकचा कोरडा ग्लास, चिकटपट्टी. सूप, आणि त्यात टाकायला टरफलासकट भाजलेल्या शेंगा. कागदी पिशव्या, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, एक वही.

वेळ मात्र नीट निवडा. आपल्या बेळगावकडे वळीव बहुधा दुपारी तीननंतर उठतो, म्हणून प्रयोग सकाळी किंवा भर दुपारच्या आत उरका. ठिणगीच्या प्रयोगाला कोरडी हवा लागते. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेला असेल तर तो दिवस त्यासाठी सोडून द्या.

सावधान: आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी कुठलाच प्रयोग अंगणात नाही. आधीच काही चालू असेल तर तसंच टाकून आत या.

## टप्पा १: आधी मुलांचं ऐकून घ्या

पहिल्या दिवशी काहीच शिकवू नका. एकेकाला बोलतं करा आणि जे सांगतील ते वहीत जसंच्या तसं उतरवा. म्हातारी हरभरे भरडते, ढग भांडतात, देव रागावतो, लाल कपड्यावर वीज पडते. हसू नका, दुरुस्तही करू नका. आठवड्याने हीच पानं मुलांपुढे ठेवायची आहेत.

या बैठकीत भीतीही बाहेर येते. माझा एक भाचा पायाळू. म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. पायाळू माणसावर वीज पडते असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं आणि तीन वर्षं तो कुणाला न सांगता गडगडायला लागलं की पलंगाखाली जाऊन बसत होता. घरात असं पोर असेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: वीज कुणाचा जन्म बघत नाही. ती उंची बघते, मोकळी जागा बघते. पायाळू असो नसो, माळावर एकटा उभा असलेला माणूस धोक्यात आणि पक्क्या घरात बसलेला सुरक्षित.

सीमाभागातल्या पोरांचा इथे एक फायदा आहे, तो घ्या. मराठीत आपण सगळ्याला "वीज" म्हणतो: वीज चमकली, वीज कडाडली, वीज पडली, वीज गेली. दिव्यातलीही वीजच. लहान मुलांचा गोंधळ अर्धा यातूनच होतो. शेजारच्या कन्नड मित्राकडून तीन शब्द आणायला सांगा. मिंचु म्हणजे चमक, गुडुगु म्हणजे गडगडाट, सिडिलु म्हणजे जमिनीवर पडणारी वीज. तीन गोष्टींना तीन वेगळी नावं मिळाली की पुढचं निम्मं काम सोपं होतं. आमच्या वहीत तेव्हापासून हेच शब्द आहेत.

## टप्पा २: तापलेली जमीन, वर जाणारी हवा

१. वहीच्या कागदाचा बशीएवढा गोल कापा. कडेपासून आत चकलीसारखा कापत जा, म्हणजे लोंबणारी गुंडाळी होईल. मधल्या टोकाला दोरा बांधा.

२. तवा तापवा, गॅस बंद करा. हे काम मोठ्यांनीच करायचं.

३. तव्याच्या वीतभर वर गुंडाळी धरा. ती आपोआप फिरायला लागते.

४. तीच गुंडाळी थंड ओट्यावर धरा. फिरत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे पंखा चालू राहतो. मग गुंडाळी ओट्यावरही फिरते आणि मुलं बरोबर उलटा निष्कर्ष काढतात. दारं-खिडक्याही लावून घ्या.

आता मुलांना भर दुपारी अंगणात न्या. तापलेल्या फरशीवर आणि झाडाखालच्या मातीवर हात ठेवून बघायला सांगा. मेमध्ये आपली काळी रानं नांगरून उघडी पडलेली असतात, ती सकाळपासून तव्यासारखी तापतात. त्यांच्यावरची हवा गरम होते, हलकी होते, वर सुटते. आणि वर थंडी असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणून इथे गोव्यापेक्षा गारवा, हे पोरांना ठाऊक असतं. तिथूनच पुढे न्या. उंची वाढेल तसं दर किलोमीटरला सरासरी सहा-सात अंशांनी तापमान उतरतं, आणि मेच्या दुपारी खालच्या थरांत त्याहूनही भराभर. बेळगावहून हिंडलगा जेवढं लांब, साधारण तेवढंच सरळ वर गेलं तर पाणी गोठायला लागेल अशी थंडी मिळते. खाली ३७ अंशांत घाम गळतोय आणि डोक्यावर पाच किलोमीटरवर शून्य. हे ऐकल्यावर पोरं वर बघतातच.

तपासा: मुलाला विचारा, वळीव सकाळी का येत नाही? "जमीन अजून तापलेली नसते" हे उत्तर स्वतःहून आलं तर पुढे जा. नाही आलं तर तवा परत तापवा.

## टप्पा ३: बाटलीतला ढग

बरेच जण काचेच्या बरणीत गरम पाणी ओतून झाकणावर बर्फ ठेवतात. दिसायला छान दिसतं, पण मला तो प्रयोग पटत नाही. आभाळात वर कुणी बर्फाची लादी ठेवलेली नसते. वर गेलेली हवा पसरते, आणि पसरल्यामुळेच थंड होते. ते दाखवायला बाटलीच हवी.

१. बाटलीत दोन चमचे कोमट पाणी घाला, हलवा, मिनिटभर थांबा.

२. काडी पेटवून विझवा आणि तिचा धूर बाटलीत जाऊ द्या. पटकन झाकण घट्ट लावा.

३. दोन्ही हातांनी बाटली जोरात दाबा, पाच-सहा सेकंद धरा.

४. एकदम सोडा.

सोडल्या क्षणी आत धुकं दिसतं. परत दाबलं की नाहीसं होतं, सोडलं की परत. दाबणं म्हणजे जमिनीजवळची हवा, सोडणं म्हणजे वर गेलेली हवा. मागे काळा कागद आणि बाजूने टॉर्च धरला तर मागच्या रांगेतल्यालाही दिसेल.

धुकं दिसत नसेल तर तीनच कारणं असतात. झाकण सैल आहे, बाटली फार जाड आहे, किंवा धूर गेलाच नाही. तिसरं कारण मुद्दाम दाखवण्यासारखं आहे. बिनधुराच्या बाटलीत प्रयोग करा, जवळजवळ काही होत नाही. वाफेला थेंब व्हायला बसायची जागा लागते, आणि आभाळात ती जागा धूळ, धूर, समुद्राच्या मिठाचे कण देतात.

याच वेळी ओलाव्याचं सांगून टाका. नुसत्या उन्हाने वळीव होत नाही. ओलावा हवा, आणि आपल्याला तो मुख्यतः पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून घाट चढून येतो. अंगाला चिकचिक होणारी दुपार म्हणजे संध्याकाळी पावसाची शक्यता, हे आजीचं गणित शास्त्राला धरूनच आहे.

## टप्पा ४: ढगाच्या पोटात काय चालतं

हा सगळ्यात अवघड टप्पा, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा. "मग ढगात वीज तयार होते" म्हणून लोक पुढे सरकतात. वगळू नका. एक अख्खा दिवस याला द्या.

वळवाचा ढग खाली सपाट, वर कोबीसारखा फुगलेला. तो बारा-पंधरा किलोमीटर उंच जाऊ शकतो. म्हणजे बेळगाव ते सांबरा विमानतळ हे अंतर उभं केलं तरी ढगाचा माथा त्याच्या वर. खालच्या भागात पाण्याचे थेंब. वरच्या भागात बर्फाचे हलके कण. आणि मधल्या भागात तिसरीच गंमत: शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेलं पाणी, आणि ते चिकटून बनलेले गारेचे भुसभुशीत, जड दाणे.

आता सूप घ्या. शेंगा चुरगाळून टरफलं आणि दाणे एकत्र सुपात टाका. घरातल्या आजीला पाखडायला सांगा, आपल्याला ते तसं जमत नाही. टरफलं उडून पुढे जातात, दाणे सुपातच राहतात. वारा एकच, पण हलकं एकीकडे नि जड दुसरीकडे. ढगात हा वारा खालून वर वाहतो. बर्फाचे हलके कण वर उधळले जातात, जड दाणे खाली रेंगाळतात. मात्र वेगळं होण्याआधी ते एकमेकांवर आपटतात, आणि आपटताना विजेचा भार इकडून तिकडे जातो. हलके कण धन भार घेऊन वर, जड दाणे ऋण भार घेऊन खाली. ढगाचा माथा धन, तळाकडचा भाग ऋण.

म्हणजे आपटाआपटी असते. ती ढगाढगांची नव्हे, ढगाच्या पोटातल्या बर्फाची. आणि गडगडाट त्या आपटण्याचा नाही. हे वाक्य मुलांकडून वदवून घ्या, दोनदा.

गार कशी होते हेही इथेच येतं. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाकाचा एक हात, मग तो वाळला की दुसरा, असं करत दाणा वाढवतात. गारेवर पाण्याचे असेच थर गोठत जातात. वर चढणारा वारा तिला पेलतो तोवर ती वाढते, पेलवेनाशी झाली की पडते.

एक प्रश्न हटकून येतो, विशेषतः खानापूरकडच्या पोरांकडून. जुलैत घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही, मग तेव्हा एवढं गडगडत का नाही? प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकी द्या. त्या दिवसांत जमीन तापलेली नसते, हवा वर सुटत नाही, ती घाटावर ढकलली जाते. ढग त्या मानाने बुटके राहतात, आणि बराचसा पाऊस बर्फापर्यंत न पोचताच पडतो. बर्फाची आपटाआपटी नाही तर भार नाही, भार नाही तर वीज नाही. परतीच्या पावसात ऊन आणि ओलावा पुन्हा एकत्र येतात तेव्हा गडगडाटही परत येतो.

तपासा: पाऊस भरपूर आणि गडगडाट नाही, असं का होतं, हे मुलाने "बर्फ" हा शब्द वापरून सांगितलं पाहिजे.

## टप्पा ५: ठिणगी

१. प्लास्टिकचा ग्लास ताटलीच्या मधोमध चिकटपट्टीने घट्ट बसवा. ही मूठ.

२. थर्माकोल आणि घोंगडी अर्धा तास उन्हात तापवा. थर्माकोल टेबलावर चिकटवून एक मिनिट घोंगडीने जोरात घासा.

३. ग्लास धरून ताटली थर्माकोलवर ठेवा.

४. ताटलीला क्षणभर बोट लावा, काढा. ही पायरी लोक विसरतात आणि मग प्रयोग खोटा म्हणतात.

५. फक्त ग्लासाला धरून ताटली उचला. दुसऱ्या हाताच्या बोटाचं पेर ताटलीच्या कडेजवळ न्या.

चट्! खोलीत अंधार असेल तर निळसर रेघही दिसते. परत ठेवा, बोट लावा, उचला: परत घासल्याशिवायही बऱ्याच वेळा ठिणगी मिळते. सातही पोरं रांगेत उभी राहतात आणि आठवं पोर म्हणजे त्यांचे आजोबा.

नीट ऐकायला सांगा. ठिणगी दिसली आणि "चट्" आवाजही आला. हा "चट्" म्हणजे सुईएवढा गडगडाट. हवेतून भार एकदम धावला, हवा तापली, फुगली, आवाज झाला. आभाळातल्या विजेच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती वाट मात्र काही सेंटिमीटरच रुंद असते. इतकी तापलेली हवा स्फोटासारखी फुगते. कागदी पिशवी फुगवून फटकन फोडा, तो आवाजही हवा एकदम धावल्याचाच.

वीज वरून खाली येते की खालून वर जाते, यावर वाद होईल. ढगातून एक अंधूक वाट टप्प्याटप्प्याने खाली उतरते, जमिनीवरच्या उंच वस्तूंमधून छोट्या वाटा वर निघतात, दोन्ही जुळल्या की लखलखाट जुळल्या जागेपासून वर धावतो. दोन्ही पक्षांना अर्धे अर्धे गुण द्या. आणि बहुतेक विजा जमिनीवर पडतच नाहीत, त्या ढगातल्या ढगातच चमकतात, हेही सांगा. घाबरट पोरांना याचा मोठा आधार वाटतो.

सावधान: या प्रयोगाला भिंतीतल्या प्लगची वीज कधीही नाही. "ही वीज छोटी आहे, प्लगातली मारते" हे शब्द न गुळमुळता उच्चारा. आणि आभाळ गडगडत असताना हा प्रयोग नाही.

## टप्पा ६: घरातली तालीम

आता माझी चूक. पहिल्या वर्षी ठिणगीपर्यंत छान झालं, त्याच संध्याकाळी ईशान्येला आभाळ काळं झालं आणि मी उत्साहाने सगळ्यांना गच्चीवर नेलं, चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजायला. तिसऱ्या विजेला आकडा एकदम खाली आला, म्हणजे वीज जवळ आली. सात पोरं, एक अरुंद जिना, पायांत पाणी. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हा टप्पा आधी, निरीक्षण नंतर.

नियम एकच: गडगडाट ऐकू आला की आत. पाऊस सुरू झाला नसला तरी. वीज ढगापासून दहा किलोमीटर किंवा त्याहून लांबही पडू शकते, डोक्यावर निळं आभाळ असतानाही. आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही.

"आत" म्हणजे कुठे, यावर सगळ्यात जास्त चुका होतात. पक्क्या भिंतींचं, छपराचं, दारं-खिडक्या लावलेलं घर. ओसरी आत नाही. कट्टा आत नाही. रानातली चहूबाजूंनी उघडी पत्र्याची शेड आत नाही, देवळाचा उघडा मंडपही नाही. बंद काचांची मोटार, बस चालते, कारण तिचं पत्र्याचं अंग वीज बाहेरून वाहून नेतं. टायरमुळे नव्हे. दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी नाही. रबरी चप्पल काही वाचवत नाही.

घरात: प्लग आधीच काढा, गडगडायला लागल्यावर प्लगला हात लावू नका. चार्जिंगला लावलेला फोन हातात नको. नुसत्या सुट्या मोबाइलकडे वीज ओढली जाते ही अफवा आहे. नळ, अंघोळ, भांडी घासणं थांबवा. खिडकीपासून दूर.

रानात सापडलात तर झाडाखाली जाऊ नका. विहिरीतून, तळ्यातून बाहेर या, तारेच्या कुंपणापासून लांब राहा, आणि घोळक्याने उभं न राहता अंतर ठेवून जवळच्या पक्क्या घराकडे निघा. उकिडवं बसणं सगळे शिकवतात, पण त्यावर विसंबू नका. ते अगदीच काही उरलं नाही तेव्हाचं.

आणि आता खरी अडचण. शहरातल्या सूचना लिहिणाऱ्यांना ती माहीत नसते. आपल्या पोरांना वळवात बाहेर ओढणाऱ्या दोन गोष्टी आहेत: वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या आणि गारा. पहिली झुळूक आली की पोरं आंब्याखाली पोचलेली असतात, म्हणजे बरोबर जिथे नसायला हवं तिथे. "जाऊ नका" म्हणून उपयोग नाही, सौदा करावा लागतो. कैऱ्यांसाठी: शेवटच्या गडगडाटाची वेळ वहीत लिहायची, अर्ध्या तासाने घंटा, मग सगळ्यांनी एकदम धावायचं, आधी गेलेल्याच्या कैऱ्या बाद. गारांसाठी: आभाळ भरताना, गडगडायच्या आधीच, अंगणात थर्माकोलचं उघडं खोकं तळाशी जाड कापड घालून ठेवून द्यायचं. अर्ध्या तासाने उरल्या तर एखादी मोठी गार मधोमध फोडून हलव्यासारखे थर बघता येतात.

आता खरोखर तालीम करा. स्वच्छ दिवशी एकाने पातेलं बडवायचं आणि बाकीच्यांनी खेळ टाकून आत यायचं. किती सेकंद लागले ते लिहा. आमचा पहिला आकडा ९५ होता, कारण एक जण चप्पल शोधत होता.

मोठ्यांनी फोनवर इशारा देणारं अ‍ॅप ठेवावं: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं "दामिनी", किंवा कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचं "सिडिलु". नावाचा अर्थ पोरांना आता कळेल. आणि कुणावर वीज पडलीच तर त्या माणसाला हात लावायला घाबरू नका. अंगात वीज साठून राहत नाही. श्वास, नाडी बघा, लागलं तर छाती दाबायला सुरुवात करा, १०८ किंवा ११२ ला फोन करा. कुणी शेणात ठेवायला सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका.

## टप्पा ७: अंतर मोजायला शिकणं

चमक आणि गडगडाट एकाच क्षणी होतात. प्रकाश लगेच पोचतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद.

हे आधी मैदानात दाखवा, स्वच्छ सकाळी. एका पोराला थाळी-पळी देऊन दोनशे-अडीचशे पावलं लांब उभं करा. हात उंच नेऊन जोरात वाजवायला सांगा. इकडच्यांना हात थाळीवर आपटलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. धाकटी भाची ओरडली होती, "आत्या, त्याची थाळी खोटं बोलूलालीय!"

मग मोजणीचा सराव. घड्याळासमोर "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असं शांतपणे म्हणायचं. प्रत्येकाला साधारण एक सेकंद लागतो. डोळे मिटून वीसपर्यंत मोजायला लावा आणि घड्याळाशी ताडा. दोन सेकंदांपेक्षा जास्त चुकत असेल तर अजून सराव.

- चमक दिसली की मोजायला सुरू, गडगडाटाचा पहिला आवाज आला की थांबा.
- आलेल्या आकड्याला ३ ने भागा, किलोमीटर मिळतात.
- मध्ये दुसरी वीज चमकली आणि कोणाचा आवाज कोणता कळेना, तर ती नोंद खोडा. अंदाजाने भरू नका.

इंग्रजी पुस्तकांत ५ ने भागायला सांगतात, ते मैलांसाठी. आपल्या पोरांनी ५ ने भागलं तर वीज आहे त्यापेक्षा जवळ वाटते. आणि मोजून दिशा कळत नाही, फक्त अंतर. ३० सेकंद आले तर वीज साधारण १० किलोमीटरवर, म्हणजे शहरापासून सांबरा जेवढं लांब तेवढी, पण सांबऱ्यावरच असेल असं नाही. ३० हा सुरक्षित आकडाही नव्हे. मोजणी शास्त्रासाठी, आत येण्यासाठी नुसता आवाज पुरेसा. साधारण मिनिटभर थांबूनही आवाज आला नाही तर सोडून द्या, वीस किलोमीटरच्या पलीकडचा गडगडाट सहसा ऐकूच येत नाही.

एकाच विजेचा आवाज कधी "कडाड्" आणि कधी लांबलचक गुडगुड का? वीज कित्येक किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी, लांबच्या टोकाचा मागाहून. जवळच पडली तर एकदम फटका, लांब असली तर ओढलेली गुडगुड.

## टप्पा ८: खरा वळीव, घरात बसून

दार लावलेलं, प्लग काढलेले, सगळे खोलीच्या मध्यभागी. एकाकडे घड्याळ, एकाकडे वही, एक जण खिडकीकडे तोंड करून पण खिडकीपासून लांब. वहीत मिंचु, गुडुगु, किलोमीटर. आकडे उतरत आले तर वादळ जवळ येतंय, चढत गेले तर जातंय.

मुलांना आणखी एक गोष्ट टिपायला लावा: पावसाच्या आधीचा धुळीचा गार वारा. पाऊस नि गारा पडताना ढगातली थंड हवा खाली ओढून आणतात, ती जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हाच वारा कैऱ्या पाडतो, आणि हीच थंड हवा खालून वर जाणारी गरम हवा तोडते. म्हणून एक ढग तास-अर्ध्या तासात स्वतःच स्वतःला विझवतो. शेजारी नवा उठतो ते वेगळं.

आणि "गर्जेल तो पडेल काय" ही म्हण कुणीतरी काढेलच. माणसांपुरती ठीक आहे. ढगांच्या बाबतीत गरजणारा ढगच पडतो, आपल्या रानात नाही तर शेजारच्या गावात, किंवा थेंब वाटेतच सुकतात.

गेल्या मेमधलं आमचं एक पान असं आहे. पहिली नोंद २७ सेकंद, मग २१, १२, खोडलेली एक, ४. चारच्या पुढे भाच्याने, त्याच पायाळू भाच्याने, अक्षर न बिघडवता लिहिलंय, "१ किमी पेक्षा थोडं जास्त. मी पलंगावर." त्याखाली ९, १९, ३३. शेवटचा गुडुगु ५.५२. त्यापुढे मोठ्या आकड्यांत, दोनदा अधोरेखित: कैऱ्या ६.२२.